पिकांचें विषाणूंपासून स्वसंरक्षण

सन २०२३ च्या खरिपांत ऑगस्ट महिना जवळजवळ कोरडा गेला. सन १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर इतका कमी पाऊस झालेला दुसरा ऑगस्ट नाहीं. पुढें सप्टेंबरांत, शेंगा भरण्याच्या ऐन वेळीं, नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीनचीं शेतेंच्या शेतें पिवळीं पडलीं. तो सर्वच पिवळेपणा एका कारणाचा नव्हता. कोठें बुरशीनें मुळें व खोडें कुजलीं होतीं, कोठें नुसता पाण्याचा ताण होता; परंतु ज्या शेतांत पानांवर हिरव्या व पिवळ्या चट्ट्यांची सरमिसळ नक्षी उमटली होती, तेथें पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग होता, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. हा रोग आपल्याकडे नवा नाहीं. मुगावर तो दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत सन १९५५ मध्यें आढळला व सन १९६० मध्यें नरियानी यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नायगांव, बिलोली, मुखेड या बाजूस मूग-उडीद हीं जुनीं पिकें. सोयाबीन मागाहून आलें आणि रोगास चरावयास मोठें रान मिळालें.

अशा वेळीं शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो औषधाचा. विषाणूस मारून झाड बरें करील असें औषध बाजारांत नाहीं, हें उत्तर त्यास रुचत नाहीं, आणि तें न रुचल्यामुळेंच पुष्कळ पैसा बाटल्यांत जातो. आम्ही येथें दुसरा एक प्रश्न घेणार आहों, जो सहसा कोणी विचारीत नाहीं : विषाणु अंगांत शिरल्यावर झाड स्वतः कांहीं करतें कीं नुसतें मरणाची वाट पाहतें? झाड पुष्कळ कांहीं करतें. आणि तें काय व केव्हां करतें हें समजलें, म्हणजे आपण काय करावें व कशावर खर्च करूं नये हेंही बऱ्याच अंशीं समजतें.

प्रथम शत्रूचें स्वरूप पाहूं. सोयाबीनच्या एका पेशींतील आनुवंशिक मजकूर सुमारें एक अब्ज दहा कोटी अक्षरांचा आहे. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचा सर्व मजकूर दोन लहान कड्यांत मावतो आणि प्रत्येक कडें सुमारें २७०० अक्षरांचें असतें. या विषाणूस तोंड नाहीं, पोट नाहीं, स्वतःचें बिऱ्हाड नाहीं. पांढरी माशी रोगट पानांतील रस शोषतांना त्यास उचलते व निरोगी पानांत सोंड खुपसतांना सोडते. एकदां पेशींत शिरला कीं तो तेथील यंत्रसामग्री आपल्या कामास जुंपतो. म्हणूनच त्यास मारणें कठीण. पेशीस इजा न करतां पेशीचीच सामग्री वापरणाऱ्या पाहुण्यास बाहेर काढणें हें फवारणीचें काम नव्हे.

गुरांचें निराळें आहे. त्यांस रक्त आहे, आणि लस टोंचली असतां रक्तांत रोगाशीं झगडणारे घटक तयार होतात. झाडास रक्तही नाहीं व तसे घटकही नाहींत. त्यामुळें विषाणूनें गांठलेलें झाड जन्माचें गेलें, असाच समज पुष्कळ काळ होता. परंतु सन १९२८ मध्यें अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत विंगार्ड यांनीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. तंबाखूच्या रोपांस त्यांनीं वलयाकार ठिपके पाडणाऱ्या विषाणूची लागण केली. खालचीं पानें रोगानें करपलीं. परंतु त्यानंतर फुटलेलीं वरचीं पानें स्वच्छ निघालीं. इतकेंच नव्हे, तर त्या वरच्या पानांस पुन्हां तोच विषाणु चोळला असतां त्यांजवर रोग उठला नाहीं. झाडानें धडा घेतला होता, पण तो कोणत्या वहींत लिहून ठेवला हें पुढील सत्तर वर्षें कोणास सांगतां आलें नाहीं.

उलगडा झाला तो एका शोभेच्या फुलावरून. सन १९९० मध्यें कॅलिफोर्नियांत नापोली, लेमियो व जॉर्गेनसन यांनीं पेटुनियाचें जांभळें फूल अधिक गडद व्हावें म्हणून रंग तयार करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत झाडांत घातली. कांहीं झाडांचीं फुलें गडद होण्याऐवजीं पांढरींशुभ्र, तर कांहींचीं कबरी झालीं. नवीन प्रत तर गप्प बसलीच, पण तिनें जुनीसही गप्प बसविलें. हॉलंडमधील संशोधकांसही त्याच वर्षीं हाच अनुभव आला. पुढें सन १९९७ मध्यें इंग्लंडांतील नॉर्विच येथील डेव्हिड बॉल्कोंब व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, विषाणूपासून झाड सुधारणें आणि जनुकानें असें मौन धरणें हे एकाच यंत्रणेचे दोन प्रकार होत. सन १९९९ मध्यें हॅमिल्टन व बॉल्कोंब यांस त्या यंत्रणेचा पुरावाच सांपडला. दरम्यान सन १९९८ मध्यें फायर व मेलो यांनीं एका सूक्ष्म कृमींत तीच यंत्रणा उलगडली व त्यांस सन २००६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. झाडांवर काम करणाऱ्यांस त्यांत वांटा मिळाला नाहीं. शेतीशीं संबंध असलेल्यांस याचें फारसें नवल वाटूं नये.

आतां ही यंत्रणा चालते कशी तें पाहूं. प्रत्येक पेशींत त्या सजीवाचें सर्व दप्तर डी.एन.ए. या रूपानें जपून ठेवलेलें असतें. एखादें काम करावयाचें झाल्यास त्या दप्तरांतील तेवढ्याच मजकुराची नक्कल काढली जाते; ती नक्कल म्हणजे आर.एन.ए. तलाठ्याच्या दप्तरांतून उतारा घेऊन काम भागवावें व मूळ दप्तर जागचें हलवूं नये, त्यांतलाच हा प्रकार. झाडाचा स्वतःचा उतारा सुतळीच्या एका पदरासारखा एकेरी असतो. झाडांच्या पुष्कळशा विषाणूंचें दप्तरच मुळीं आर.एन.ए.चें असतें, आणि आपली संख्या वाढवितांना ते एका पदरास जुळणारा दुसरा पदर वळतात. त्यामुळें पेशींत लांबच लांब दुपदरी दोरी दिसूं लागते. निरोगी पेशींत असली दोरी सहसा नसते. झाड चोरास ओळखतें तें या दुपदरी दोरीवरून.

दोरी दिसतांच अडकित्त्यासारखें काम करणारें एक प्रथिन पुढें येतें. शास्त्रज्ञ त्यास डायसर म्हणतात. तें त्या दोरीचे २१ ते २४ अक्षरांएवढे लहान लहान तुकडे पाडतें. हे तुकडे म्हणजे केरकचरा नव्हे. खरें काम येथूनच सुरू होतें. आर्गोनॉट नांवाचें दुसरें प्रथिन त्यांपैकीं एकेका तुकड्याचा एक पदर आपल्याजवळ ठेवून घेतें आणि पेशींत फिरणाऱ्या प्रत्येक उताऱ्याशीं तो ताडून पाहतें. चोराच्या पावलाचें माप हातीं घेऊन गांवांतल्या पावलांशीं जुळवीत हिंडणाऱ्या जागल्याप्रमाणें हें काम चालतें. जुळलें कीं आर्गोनॉट तो उतारा मधोमध तोडतें. तोडलेल्या उताऱ्यांस झाडाचें आणखी एक प्रथिन दुसरा पदर जोडून देतें, म्हणजे पुन्हां दोरी, पुन्हां अडकित्ता आणि पुन्हां नवीन मापें. थोडक्या तुकड्यांवर सुरू झालेली झडती अशी वाढत जाते. शिवाय हीं मापें पेशीपेशींमधील बारीक वाटांनीं शेजारीं जातात आणि अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्याकडे पोंचतात. विषाणु शेंड्यास पोंचण्यापूर्वीं त्याचें माप पोंचलें तर नवीन पान सावध स्थितींतच जन्मास येतें. विंगार्ड यांच्या तंबाखूचीं वरचीं पानें स्वच्छ निघालीं, तीं यामुळें.

पिवळ्या मोझॅकचा विषाणु मात्र आर.एन.ए.चा नसून डी.एन.ए.चा आहे, मग त्यावर हा उपाय कसा चालावा, अशी शंका चिकित्सक वाचकास येईल. काम करून घ्यावयाचें तर या विषाणूसही आपल्या कड्यावरून उतारे काढावेच लागतात. त्यांतील कांहीं उतारे एकमेकांस जुळतात व दुपदरी होतात. झाड ते तोडतें हें एक. दुसरें असें कीं, २४ अक्षरी तुकड्यांच्या मदतीनें झाड विषाणूच्या मूळ कड्यावरच एक रासायनिक मोहोर उठवितें. मोहोर उठलेल्या भागावरून नक्कल निघणें कठीण होतें, म्हणजे दप्तरासच कुलूप लागतें. सन २००३ मध्यें मदुरा कामराज विद्यापीठ व स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनीं याचा प्रयोग आपल्या उडदावरच केला. पिवळ्या मोझॅकनें ग्रासलेल्या उडदाच्या रोपांत त्यांनीं विषाणूच्याच मजकुराची दुपदरी दोरी तयार होईल अशी व्यवस्था केली, आणि बहुतेक रोपें सुधारलीं.

याहून अधिक लक्ष देण्याजोगा प्रयोग सोयाबीनवर झाला, व तो दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पति जीनोम संशोधन संस्थेंतील आहे. यादव, चट्टोपाध्याय व सहकाऱ्यांनीं दोन वाण घेतले : रोगास बळी पडणारा जे.एस. ३३५ आणि प्रतिकार करणारा पंतनगरचा पी.के. ४१६. जे.एस. ३३५ हा जबलपूरचा वाण सन १९९४ मध्यें प्रसारित झाला व तो आपल्या भागांत घरोघर माहीत आहे. सन २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामावरून असें दिसतें कीं, विषाणूचे उतारे तोडण्याचें काम दोन्ही वाणांत होतें. परंतु प्रतिकारक वाणांत तें लवकर सुरू होतें. सन २०११ च्या कामांत आणखी एक भेद दिसला. विषाणूच्या कड्यावर नक्कल काढण्याचें काम जेथून सुरू होतें, नेमक्या त्या जागेचे तुकडे प्रतिकारक वाणांत अधिक सांपडले व तेथें मोहोरही अधिक उठलेली होती. चोरास उंबऱ्यावर अडविणें आणि तो माजघरांत पोंचल्यावर काठी शोधणें, यांत जें अंतर तेंच या दोन वाणांत. ज्या वाणास आपण दुबळा म्हणतों त्याजवळ हत्यार नाहीं असें नव्हे. त्याचें हत्यार उशिरां उचललें जातें. आमच्या मतें या सर्व विषयांत शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ती हीच, कारण उशीर आणि वेळ या गोष्टींत माणसाच्या हातास थोडा तरी वाव आहे.

विषाणूही स्वस्थ बसणारा नव्हे. त्यांतील बहुतेकांजवळ झाडाचा हा उपाय बंद पाडणारें एखादें प्रथिन असतें. पपईच्या रिंगस्पॉटचा विषाणु ज्या कुळांतला, त्या कुळाजवळ तें आहे. काकडीवर्गावरील व केळीवरील मोझॅकच्या विषाणूजवळ आहे. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूसही आहे. कोणी तयार झालेले तुकडे दडवून ठेवतो, तर कोणी आर्गोनॉटास निकामी करतो. एकाच झाडांत दोन विषाणु एकत्र आले असतां रोग दुपटीहून अधिक भडकतो, याचें कारणही येथेंच आहे. एकानें रखवालदाराचे हात बांधले कीं दुसरा मोकळा सुटतो. तंबाखूंत बटाट्याचा वाय विषाणु आधीं असला तर एक्स विषाणूचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें, हें प्रयोगानें सिद्ध आहे. आपल्या भाजीपाल्याच्या मळ्यांत टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा हीं एकमेकांस खेटून वर्षभर उभीं असतात. तेथें अशी युति होण्यास मुहूर्त पाहावा लागत नाहीं.

हवेच्या उष्णतेचाही या यंत्रणेशीं निकटचा संबंध आहे. हंगेरींतील संशोधकांनीं सन २००३ मध्यें दाखविलें कीं, सुमारें १५ अंश उष्णमानांत झाडांत हे तुकडे जवळजवळ तयारच होत नाहींत, आणि उष्णमान वाढेल तसतसे ते वाढतात. पपईवाल्यांनीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. थंडींत पानें आखडून दोऱ्यांसारखीं होतात, आणि ऊन तापूं लागलें कीं येणारीं नवीं पानें बरीच रुंद व हिरवीं निघतात. या मधल्या काळांत कोणी तरी एखादें टॉनिक विकून गेलेला असतो. उन्हाळ्याचें श्रेय मग त्या बाटलीस मिळतें, व पुढच्या थंडींत तीच बाटली दुप्पट किंमतीस येते. टॉनिकानें पीक हिरवें दिसत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. विषाणु त्यानें जात नाहीं, एवढेंच म्हणतों.

येथें एक फसवणूक होते ती झाडाकडून, व ती टॉनिकवाल्याच्या फसवणुकीहून महाग पडते. सुधारलेलें झाड निरोगी दिसतें, परंतु त्याच्या अंगांतून विषाणु समूळ गेलेला असतोच असें नाहीं. झाडानें त्यास दाबून धरलेलें असतें इतकेंच. अर्धापूरकडील केळीच्या बागाईतदारांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. मोझॅक दाखवून नंतर सावरलेल्या झाडाचे मुनवे लागवडीस घेणें म्हणजे रोगाचीच लागवड करणें होय. ऊतिसंवर्धित रोपांचें महत्त्व याच कारणानें आहे. वाढत्या कोंबाच्या अगदीं टोंकाशीं विषाणु बहुधा पोंचत नाहीं, आणि त्यास तेथें रोखण्यांत या मौनाच्या यंत्रणेचाही हात आहे. त्या टोंकापासून वाढविलेलें रोप स्वच्छ असण्याचा संभव म्हणूनच अधिक. मात्र मातृवृक्षाची विषाणूकरितां तपासणी झालेली आहे कीं नाहीं हें रोपें घेतांना विचारून घ्यावें. केवळ प्रयोगशाळेंत वाढलें म्हणून रोप पवित्र होत नाहीं.

लक्षण नाहीं म्हणून रोग नाहीं, हा समज लातूर-धाराशिवकडील सूर्यफुलासही भोंवला. सन १९९७ मध्यें कर्नाटकांत बागेपल्ली भागांत सूर्यफुलावर नेक्रॉसिसचा रोग दिसला व लौकरच आंध्र व महाराष्ट्रांतही आला. त्याच्या विषाणूस आश्रय देण्यांत गाजरगवत अग्रेसर आहे. विषाणु अंगांत असतां गाजरगवत अगदीं टवटवीत दिसतें, आणि त्याच्या परागाबरोबर फुलकिडे तो सूर्यफुलापर्यंत वाहून नेतात. शेतांत कसून औषध मारणारा व बांधावरील गाजरगवताकडे कानाडोळा करणारा शेतकरी पुढचें दार लावून मागचें उघडें ठेवतो.

प्रतिकारक वाण हा उत्तम उपाय खरा, पण तोही कायमचा नव्हे. याचें उदाहरण आमच्या मराठवाड्यांतच आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवड्यापुढें पुसा सावनी हा एके काळचा प्रतिकारक वाण नमला, तेव्हां परभणीच्या कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर यांनीं भेंडीचा संकर तिच्या एका रानटी आप्ताशीं करून परभणी क्रांति हा वाण सिद्ध केला. त्याची माहिती सन १९८६ मध्यें प्रसिद्ध झाली, व देशभर त्याचा लौकिक झाला. पुढें त्याच्यावरही केवडा दिसूं लागला. विषाणु बदलतो, आणि सर्व शिवारांत एकच वाण असला तर त्यास एकच कुलूप उघडावयाचें असतें. म्हणून एका गांवांत दोन-तीन वाण असणें हें आम्ही हिताचें मानतों, मग बाजारांत एखाद्या वाणाची कितीही चलती असो.

याच यंत्रणेचा उपयोग करून हवाई बेटांत पपई वांचविण्यांत आली. तेथील पुना भागांत सन १९९२ मध्यें रिंगस्पॉट शिरला. डेनिस गोन्साल्विस व सहकाऱ्यांनीं विषाणूच्या मजकुराचा एक भाग पपईंत घालून तयार केलेले वाण सन १९९८ मध्यें शेतकऱ्यांस मिळाले. अशा वाणांत विषाणूचें माप झाडाजवळ जन्मतःच तयार असतें. आपल्या देशांत मात्र कापूस वगळतां जनुक-परिवर्तित पीक व्यापारी प्रमाणावर पेरलें जात नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथें सन २०१७ मध्यें दुपदरी आर.एन.ए. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून तंबाखूच्या पानांवर फवारलें, तेव्हां सुमारें २० दिवस विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचें दिसून आलें. ही वाट पुढें सुपीक ठरेल असें आम्हांस वाटतें. परंतु असलें फवारें सोयाबीनच्या मोझॅकवर आलें आहे म्हणून कोणी दुकानांतून बाटली पुढें करील तर ती घेऊं नये.

तोंवर झाडास वेळ मिळवून देणें एवढें काम शेतकऱ्याच्या हातीं उरतें. कोवळ्या वयांत लागण झालेलें सोयाबीन फारच थोड्या शेंगा देतें. तीच लागण महिना-सव्वा महिना पुढें ढकलली गेली तर नुकसान पुष्कळ उतरतें. ज्या गांवीं हा रोग दरसाल येतो तेथें पेरणीपूर्वीं बियाण्यास किलोस १० मिलिलिटर या प्रमाणांत थायामेथोक्झाम ३० एफ.एस. चोळण्याची शिफारस आहे. बुरशीनाशक त्याच्या आधीं व जिवाणूंचें संवर्धक सर्वांत शेवटीं लावावें. यानें विषाणु मरत नाहीं. पहिले कांहीं आठवडे पांढऱ्या माशीचें पोषण होत नाहीं, इतकाच लाभ, परंतु तो मोलाचा आहे. पिवळे चिकट सापळे लावले असतां माशी केव्हां वाढूं लागली तें कळतें. ती वाढली म्हणून एकाच जातीचें जहाल कीटकनाशक पुन्हां पुन्हां मारणें मात्र उलट अंगावर येतें, कारण त्यानें माशीचे शत्रु आधीं मरतात.

उन्हाळी मूग व उन्हाळी सोयाबीन यांविषयींही स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. बियाण्याच्या टंचाईमुळें उन्हाळी सोयाबीन घेण्याकडे कल वाढला, व बियाण्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्यही आहे. परंतु मे महिन्यांत उभें असलेलें हें हिरवें पीक विषाणूस व माशीस एका खरिपांतून दुसऱ्या खरिपांत उतरण्याचा पूल ठरतें. ज्यानें तें घ्यावयाचें त्यानें त्यांतील पिवळें झाड दिसतांच काढावें आणि मृगापूर्वीं शेत मोकळें करावें. न जमल्यास त्याला लागून खरिपाचें सोयाबीन पेरूं नये.

खरिपाच्या पिकांत उगवणीपासून पंधराव्या दिवशीं पहिली फेरी घालावी व पुढें दर आठवड्यास घालीत जावें. आरंभीं एकरांत पांच-दहाच झाडें पिवळीं दिसतात आणि तीं उपटण्यास माणसाचे हात धजत नाहींत. झाड सावरेल अशी आशा वाटते. तें सावरेलही, परंतु तोंपर्यंत शेजारच्या शंभर झाडांस लागण देऊन. उपटण्याचें काम सकाळीं लवकर करावें, त्या वेळीं माशी सुस्त असते. उपटलेलें झाड बांधावर टाकूं नये, कारण पान सुकूं लागतांच माशा तेथून उठून जवळच्या हिरव्या पानावर बसतात. झाड उपटल्याबरोबर पोत्यांत घालावें, तोंड बांधावें, आणि शेताबाहेर खड्ड्यांत पुरून टाकावें.